गाळलेलं सातवं कलम

मी मुळातच भोचक. लँडस्केप आर्किटेक्टांच्या, म्हणजे बागा-मैदानांचे आराखडे करणाऱ्यांच्या, संघटनेच्या कचेरीत बावीस वर्षं टायपिंग करतेय, पण बोटांपेक्षा कान जास्त चालतात, हे माझं मीच कबूल करते. तरी आमच्या सचिवांचं कोडं मला इतकी वर्षं सुटलं नव्हतं.

सचिव म्हणजे उतारकाका. हे नाव मीच ठेवलेलं. कुठल्याही जागेत पाऊल टाकलं की त्यांचा पहिला प्रश्न, "इथलं पाणी कुठं जातं?" एकदा आमच्याकडे आले, तर चहा राहिला बाजूला आणि हे मागच्या अंगणात वाकून बसले. "काका, उतारवयात कंबर धरेल हं!" म्हटलं, तर म्हणतात कसे, "उतार बरोबर असला की काही धरत नाही." माझ्या नवऱ्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी वेड्यालाच घरी आणलंय. पण आमच्या भिंतीला ओल का येते, ते गवंड्याला चार वर्षांत उमगलं नव्हतं. यांनी पाच मिनिटांत सांगितलं.

संघटनेच्या सभेत दर वेळी तीच रड. लोकांना वाटतं, आपण कुंड्या पुरवतो. इमारत उभी राहते, रस्ते होतात, आणि मग उरलेल्या चिंचोळ्या पट्टीत "काहीतरी हिरवं करा" म्हणून बोलावणं येतं. तोवर पाण्याच्या वाटा बुजलेल्या असतात. कुणीही उठतो, पाटी लावतो. नवी पोरं सभासद व्हायला तयार नाहीत; विचारतात, होऊन मिळतं काय? मग ठरलं, कायदाच हवा. परवानाधारकाच्या सहीशिवाय बाग, मैदान, तलावकाठ, कशाचाच नकाशा मंजूर होता कामा नये. मसुदा अर्थातच काकांच्या गळ्यात.

मी टाइप करायला घेतला, तर सहानंतर एकदम आठवं कलम.

"काका, सात कुठं गेलं?"

"गाळलं."

"मग पुढचे आकडे सरकवू?"

"सरकव," म्हणाले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

आता मला चैन पडतंय होय! ते जेवायला गेल्यावर मी फाइल उपसली. तळाशी त्यांच्याच अक्षरातला जुना कागद: 'पदवी नसली, तरी वीस वर्षं हे काम केलेल्यांना अनुभवावर परवाना द्यावा.' एवढंच? यात गाळण्यासारखं काय होतं? आणि हे कुणासाठी लिहिलेलं? मी सभासदांचं रजिस्टर काढलं, एकेक नाव बघत गेले. सगळ्यांपुढे पदवी. काकांच्या नावापुढचा रकाना कोरा. गावातल्या चार मोठ्या बागा ज्यांच्या हातच्या, ते एकोणिसाव्या वर्षी नकाशे गिरवायला लागले होते आणि कॉलेजात कधी गेलेच नव्हते.

ते परतले तेव्हा मी रजिस्टर उघडंच ठेवलं होतं.

"तुम्हीच स्वतःला बाद केलंत! डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?"

"ते कलम राहिलं की कुंड्या विकणारासुद्धा अनुभवाचा दाखला घेऊन रांगेत उभा राहणार. सरकारी समितीने सरळ सांगितलंय. त्यापायी माझा हाताने लिहिलेला कच्चा मसुदा दोनदा परत आला."

"असेल! पण तुम्ही काय कुंड्या विकणारे आहात?"

"अगं, मीही चुका करत करतच शिकलो. एका दवाखान्याच्या आवाराचा उतार मी उलटा धरला होता. पाणी थेट रोग्यांच्या खाटांखाली. मला शिकायला मिळालं, पण भोगलं त्यांनी."

रागही आला, आणि रडूही.

कायदा झाला. सभेत टाळ्या वाजल्या, काकांनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. पुढच्या महिन्यात परवान्यासाठी अर्ज येऊ लागले आणि काकाच माझ्यासमोर बसून ते तपासायचे.

एका सकाळी एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. नवं मैदान करायचं होतं, आणि काकांकडूनच. "परवाना असेलच ना त्यांच्याकडे?"

मी रिसीव्हरवर हात ठेवून काकांना सांगितलं. साहेब मीटिंगमध्ये आहेत, असं बावीस वर्षं बिनदिक्कत ठोकून देणारी मी, पण आता तेवढीही थाप मारवेना.

"नाही म्हणून सांग की," काका म्हणाले.

"नाही हो," मी फोनवर म्हटलं. "त्यांना सही करता येत नाही."

"अगंबाई! आणि आम्ही इतकी वर्षं त्यांना आर्किटेक्ट समजत होतो!"

मी फोन ठेवला.

"काय म्हणाल्या?" काकांनी विचारलं.

"काही नाही. दुसऱ्या कुणाचा तरी नंबर हवाय त्यांना."

काकांनी अर्जांच्या गठ्ठ्यातून एक शोधून काढला आणि माझ्याकडे सरकवला. "हिचा दे. नवीन आहे, पण हात चांगला आहे हिचा."