अर्धा फळा

"बघा साहेब, ह्यांचं डोकंच चालत नाही." सगळ्या वर्गासमोर माझ्याकडं बोट दाखवून गुरुजी म्हणाले. तपासणीला आलेले साहेब हसले. पोरं तर लोळायचीच बाकी होती.

बहात्तरचा दुष्काळ. आमचं गाव पारनेर तालुक्यातलं. शाळा भरायची मारुतीच्या देवळात. आम्ही बौद्धांची पोरं, आम्हाला देवळात पाय ठेवायची बंदी. म्हणून पायरीवर बसायचं. तिथनं दारातून फळा अर्धाच दिसायचा, डावीकडचा भाग भिंतीआड. साहेबांनी फळ्यावरचं वाच म्हटलं. मला जेवढं दिसलं तेवढं वाचलं, प्रत्येक ओळ मधूनच.

संध्याकाळी गुरुजींनी माझ्या बाला रस्त्यात गाठलं. पोरगी ढ आहे, चौथीला नापास होऊन शाळेचा निकाल पाडील, त्यापेक्षा दुष्काळी कामावर खडी फोडायला ने, म्हणाले. बा मान खाली घालून "व्हय गुरुजी" म्हणाला. सोमवारपासून माझी शाळा बंद. मला बाचाही राग आला. पण त्याला त्याच गावात राहायचं होतं.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, पाटी घेऊन निघाले ती पायरीवर थांबलेच नाही. थेट आत. फळ्यासमोर जाऊन बसले. पहिल्यांदाच सगळा फळा दिसला. अरे मेल्यांनो, मला येत होतं की! मी ढ नव्हते. मला ढ करून ठेवलं होतं.

"खाली उतर," गुरुजी म्हणाले.

"न्हाई उतरत. आदी वाचते, मग मारा."

ते कुठले थांबायला! मी वाचत होते, ते छडीनं झोडपत होते. पाठ फुटली. शेवटची ओळ वाचूनच उठले. मग गावानं देऊळ धुऊन काढलं. प्यायला पाणी नव्हतं तेव्हा! ते बघून बाचंही रक्त तापलं. त्यानं मला खडीवर नेलं नाही, भिंगारला आत्याकडं ठेवलं. तिथं शिकले. मास्तरीण झाले.

आता गुरुजी निवृत्त झालेत. गावात सत्कार आहे. परवा त्यांचा मुलगा आमंत्रण घेऊन आला. म्हणाला, "ताई, तुम्ही बाबांच्या विद्यार्थिनी. चार चांगले शब्द बोला." घरचे म्हणतात, जाऊ दे, म्हातारा माणूस आहे. का म्हणून? मी माफ केलेलं नाही, करणारही नाही. मी जाणार. शाल-नारळ मांडीवर असतानाच माईक हातात घेणार आणि ह्या माणसानं पोरं ढ कशी बनवली ते नावानिशी सांगणार. त्यांची नातवंडं पुढंच बसलेली असतील. मला त्यांचीही दया येणार नाही.