बुडालेल्या गावाची मोजणी

जपानी कार्टून सिनेमातल्या चुका काढायला थेट अमरावतीहून आयर्लंडला आलेला माणूस पृथ्वीतलावर एकच असावा, आणि तो नेमका लिक्सलिपला माझ्या शेजारी राहायला आला. कागदोपत्री ते माझ्या शेजारणीचे, स्मिताचे वडील. लेकीकडे तीन महिन्यांसाठी आलेले. पण कधीही डोकावावं तर काका आठ वर्षांच्या नातीशेजारी सोफ्यावर मांडी घालून तोच एक सिनेमा बघत असायचे. त्यातली मुलगी हरणाची शिंगं आणि माशाची शेपटी असलेल्या एका प्राण्याच्या पाठीवर बसून काळात मागे जाते आणि तळ्याखाली गेलेलं आपल्या आजीचं गाव, बुडण्याआधीचं, बघून येते. भाषा जपानी, खाली अक्षरं इंग्रजी. काकांना पहिली येत नव्हती आणि दुसरी फार भरभर पळायची. मधलं सगळं नात, रेवा, सांगायची.

काका मोजणी खात्यातले निवृत्त सर्व्हेअर. त्यामुळे शिंगवाला मासा आभाळात उडतो याला त्यांची हरकत नव्हती; हरकत होती ती गावाच्या नकाशाला. "पाह्य, पाह्य," सिनेमा थांबवून ते मला पडद्याजवळ ओढत, "मंगाशी विहीर देवळाच्या उजव्या अंगाले होती, आता डाव्या अंगाले गेली. काळात मांगं गेलं म्हणून विहीर सरकते का?" रेवाच्या शाळेच्या वहीत त्यांनी त्या गावाचा नकाशा पट्टीनं काढला होता, आणि दर वेळी सिनेमा बघून त्यात एखादं घर वाढायचं. स्मितानं कंटाळून त्यांना किलकेनीचा किल्ला दाखवायला नेलं, तर तिथेही भिंत पावलांनी मोजून त्यांनी रखवालदाराला आकडा सांगितला, तोही वऱ्हाडीत. तो भला माणूस "ग्रँड, ग्रँड" म्हणाला, म्हणजे इकडच्या बोलीत 'छान, छान'. तेव्हापासून काका चहालाही ग्रँड म्हणू लागले.

रेवाला मराठी सगळं समजायचं. उत्तर मात्र आयरिश हेलाच्या इंग्रजीत. "बाबांची तब्येत बघता ते पुन्हा येतील असं वाटत नाही," स्मिता एकदा मला म्हणाली, "आणि ही त्यांच्याशी एक वाक्य मराठीत बोलायला तयार नाही."

काका परतण्याच्या आधीच्या शनिवारी दुपारी आमच्या वसाहतीतल्या पालकांनी एका हॉलमध्ये मुलांसाठी तोच सिनेमा लावला. कुणीतरी आणलेल्या डिस्कवर खालची अक्षरंच उमटेनात. वीस-पंचवीस मुलं चुळबुळ करू लागली, कुणीतरी बंद करायला उठलं, तोच काका उभे राहिले. "बंद नका करू. मले पाठ आहे." पडद्याच्या एका बाजूला ते, त्यांच्या कोपराला चिकटून रेवा. ते वाक्य टाकत, ती इंग्रजीत उचलत होती. एका ठिकाणी ती अडली आणि त्यांच्याकडे वळून म्हणाली, "आजोबा, बांध म्हणजे काय?"

स्मितानं माझा दंड इतक्या जोरात धरला की वळ उठला.

पडद्यावरच्या गावात पाणी चढू लागलं तसं काकांचं सांगणं थांबलं. "आजोबा, पुढे?" रेवानं विचारलं. काका पडद्याकडेच बघत होते. "आमच्याकडं धरण झालं, तवा असंच गाव मी मोजलं होतं. लोक मले बसवून च्या पाजत, अन् मी त्यांचंच घर बुडीतात लिहीत जाओ." स्मिताला हे ठाऊक नव्हतं. रेवानं ते थांबत थांबत, एकही शब्द न गाळता इंग्रजीत सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका मुलीनं हात वर करून काही विचारलं, तशी रेवा काकांकडे वळली. "आजोबा, ती विचारते, त्यांना नवीन घरं मिळाली का?"

"मिळाली," काका म्हणाले. "पण लांब."

रेवानं तेवढंच सांगितलं. मग दोघं तिथेच जमिनीवर बसले आणि उरलेला सिनेमा सगळ्यांनी तसाच, अक्षरांवाचून पाहिला.

पुढच्या आठवड्यात काका अमरावतीला परतले. तिकडे डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला कायमची बंदी केली. आता दर रविवारी सकाळी ती दोघं व्हिडिओ फोनवर एकमेकांसमोर बसतात. रेवा मराठी बोलते, पण अस्सल वऱ्हाडी, आणि पुण्यात शिकून आपली भाषा घासूनपुसून घेतलेल्या स्मिताला हसावं की रडावं कळत नाही. परवा मी त्यांच्या दारात उभा होतो. रेवा म्हणाली, "आजोबा, काय करून राह्यले?"

"काई नाई माय, बसलो आहो."

"मी पण," ती म्हणाली. फोन मात्र बराच वेळ कुणीच ठेवला नाही.