न धुतलेल्या चार प्लेटा

दुपारचं जेवण झालंय. आरामखुर्चीत जरा पाठ टेकते, डोळे मिटायचे नाहीत असं ठरवून. पंख्याची घरघर हळूहळू प्रयोगशाळेतल्या इनक्युबेटरची होते आणि समोर शालनताई खरमाटे उभ्या असतात. बावीस वर्षं त्या आमच्याकडे टेक्निशियन होत्या. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली हे मला माहीत आहे, तरी मी विचारते, "आज लवकर आलात?"

"उशीर तुम्हीच केलात, मॅडम."

बोलण्यात टोमणा नाही. टोमण्यांचं खातं माझ्याकडे असायचं.

त्या मोरीत तांदूळ धुताहेत. मोरी त्यांच्या घरची, पण फळीवर आमचे फ्लास्क मांडलेत.

"किती पाण्यांनी धुऊ?"

"तीन," मी सवयीनं म्हणते. पेशींवर विषाणू सोडण्याआधी त्या तीनदा धुवायच्या, हा माझा नियम. पेशींच्या बाहेर तरंगणारी प्रथिनं म्हणजे माझ्या लेखी खरकटं पाणी.

"त्या दिवशी चार प्लेटा धुवायच्या राहिल्या," शालनताई म्हणतात. "आणि त्याच चारांतल्या पेशी जगल्या. मी म्हटलं होतं, मॅडम, विषाणूला बाहेरच कोणीतरी अडवतंय."

म्हटलं होतं. मी प्लेटा फेकायला लावल्या आणि त्यांच्या फाइलमध्ये लिहिलं, 'कामात निष्काळजी.' त्यांची बढती तिथेच अडली. सहा वर्षांनी ते प्रथिन मला सापडलं. ते विषाणूला बाहेरच चिकटतं, पेशीत शिरू देत नाही. काही जिवाणूंना मात्र तेच आत जायला मदत करतं. शोधनिबंधावर माझं नाव पहिलं आहे. त्यांचं शेवटीसुद्धा नाही.

आम्ही माझ्या केबिनबाहेरच्या बाकावर बसलोय. दार बंद आहे. काचेतून आत पाठमोरी बसलेली मीच मला दिसते.

"मी पुन्हा करून पाहिलं होतं. मुद्दाम न धुता," त्या सांगतात. "परत तेच आलं. तुम्हाला सांगायला आले, तासभर इथे बसले."

"मग आत का नाही आलात?"

"तुम्ही रागात होता ना."

मला रडू फुटतं. या वयात, त्या बाकावर, माझी मलाच लाज वाटते. "शालनताई, माझं चुकलं. निष्काळजी मी होते."

"मला सांगून आता काय उपयोग?" त्या तांदळाचं पातेलं माझ्या मांडीवर ठेवतात. "वृषालीला सांगा. लेकीला माझ्या अजून वाटतं, आई कामात कच्ची होती."

मी पातेल्यात हात घालते. तांदूळ धूत राहते. मान वर करते तर बाक रिकामा.

खिडकीत चारचं ऊन आलंय. वृषालीचा नंबर मी शालनताई गेल्या त्या दिवशी घेतला होता, लावला कधीच नाही. आता फोन उचलते तर स्क्रीन माझं बोटच ओळखत नाही. बघते, तर दहाही बोटांची टोकं ओली आणि सुरकुतलेली आहेत. पदराला पुसते, बोट पुन्हा टेकवते आणि नंबर लावते.

"हॅलो, कोण?"

मी नाव सांगते.

"वृषाली," मी म्हणते, "तुझ्या आईबद्दल मी खोटं लिहिलं होतं."