लिंगाप्पाचं कटर कामून रुसलं

मुडबीच्या लिंगाप्पानं बापाची मेंढरं विकून झाडं कापायचं कटर घेतलं, तरी तोंडातली बोली मेंढरांचीच राहिली. दोरी ओढताना "हुर्र ये, हुर्र!" म्हणायचा, आणि कटरही शहाण्या मेंढीसारखं उठायचं.

आज मात्र उठेना. खांदा निखळायची वेळ आली तेव्हा कुठं घुर्रर्र झालं, अन् वेगाचा खटका सोडला तसं फुस्स!

वर कमलबाईच्या चिंचेची मोडकी फांदी नुसत्या सालीला लोंबत होती. बरोबर खाली पत्र्याचा गोठा.

"तुझं रडगाणं ऐकून फांदी खाली येणार हाय का रे?" कमलबाई कमरेवर हात ठेवून म्हणाली. "दुपारपस्तोर न्हाई जमलं तर आपल्या तालुक्याच्या कल्याणातल्या गुरुबसवला फोन लावते. त्याची मशीन एका झटक्यात उठते म्हणं."

गुरुबसव एकदा गावात शिरला की मुडबीत लिंगाप्पाला कोण विचारणार?

कळत नव्हतं ते हेच, की बिघडलंय काय. सकाळीच त्यानं हवेची जाळी धुतली होती, भुसा झाडला होता. कटर लख्ख केलं होतं. पेट्रोलच्या टोपणावरचा पिवळा थर तेवढा सोडला होता. दर अमावस्येला त्याची बायको अंबुबाई बिरोबाचा भंडारा ओला करून तिथं थरावर थर थापायची. देवाचं लेणं पुसायचं कुणी?

कटर खांद्यावर टाकून तो गाड्या दुरुस्त करणाऱ्या खाजामियाँकडं गेला. खाजामियाँनं सवयीनं आधी टोपण उघडून पेट्रोल हुंगलं, मग नाक वर केलं.

"क्या जी लिंगप्पा, पलग में कचरा है, होर क्या!"

ठिणगीचा पलग काढून घासला, दोरी ओढली. घुर्रर्र! खटका सोडला तरी कटर आपलं फट्-फट्-फट् करत जागेवर निवांत.

"देखे? हात का गुन है जी!"

लिंगाप्पा नाचत चिंचेखाली आला. कटर घडीभर चाललं आणि फुस्स.

"पलग कामून घासलास? नशीब घासायचं व्हतं," कमलबाई म्हणाली.

तेवढ्यात बसची डायव्हरकी करून रिटायर झालेला काशप्पा काठी टेकत आला. या माणसाला एकच गोष्ट कन्नडात आणि मराठीत, दोनदा सांगितल्याशिवाय चैन पडत नाही.

"एनातप्पा? काय झालं बाबा?" त्यानं टोपण उघडून आत एक डोळा लावला. "एण्णी जास्ती! पेट्रोलात ऑइल जास्ती! ओतून दे, नवं भर."

नवं भरलं. एका दोरीत घुर्रर्र! फट्-फट्-फट्.

"नोडु! बघ!" म्हणत काशप्पा मिशीवर हात फिरवत गेला. तो वळणाआड होतोय न होतोय तोच, फुस्स.

लिंगाप्पा मटकन खाली बसला. दोघांची दोन औषधं, दोन्ही लागू पडली, दोन्ही उतरली. मग खरं दुखणं कुठलं? कमलबाईनं फोन काढला.

"दोन मिंट थांबा की, अक्का!"

दुसरं काही सुचेना म्हणून त्यानंही टोपण फिरवलं. सूंऽऽ! आत हवा शिरली. हा आवाज त्याच्या ओळखीचा होता. चिखलानं नाक बुजलेल्या मेंढीचं नाक मोकळं केलं की ती असाच श्वास ओढते. खाजामियाँनं काय केलं होतं? टोपण उघडलं होतं. काशप्पानं? तेच! टोपणाच्या मध्ये हवा शिरून पेट्रोल पुढं सरकावं म्हणून टाचणीएवढं भोक असतं, आणि त्याच्यावर बसला होता बिरोबा.

आता आली का पंचाईत! भंडारा खरवडावा तर देव कोपणार, न खरवडावा तर गुरुबसव येणार.

"हॅलो, गुरुबसवअण्णा..." कमलबाई सुरू झाली.

लिंगाप्पानं डोळे मिटले, बाभळीच्या काट्यानं थर उकरला, एक कणही भुईवर पडू न देता सगळा कपाळाला फासला. भोकात काटा फिरवला. "हुर्र ये!"

घुर्रर्र! खटका सोडला. फट्-फट्-फट्... चालूच! फांदीला दोर बांधून, तुकडे करत तो ती उतरवू लागला. पत्र्याला ओरखडासुद्धा नाही.

"न्हाई न्हाई अण्णा, घरची समदी बरी हायत का, एवढंच इचारायलेते," म्हणत कमलबाईनं फोन ठेवला.

घरी अंबुबाई त्याच्या पिवळ्या कपाळाकडं बघतच राहिली. त्यानं घाबरत घाबरत सगळं सांगितलं.

"आगं, पूजा कर, पर टोपणाला लावू नगंस. त्याचं तोंड बंद हुतंय."

"व्हय? मंग अवसेला तुमच्याच तोंडाला लावते," अंबुबाई म्हणाली. "तेबी बंद हुतंय का बघू."