शेंदराआडचा माणूस

मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावची ती चोरी निवृत्तीनंतरही माझ्या मनातून गेलेली नाही. चोरीला गेली होती देवी. मळ्यांना लागून जुन्या समाध्यांची जागा आहे. तिथे कडुनिंबाखाली कमरेइतकी शिळा उभी होती. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर थापून तिचा नुसता गोळा झाला होता. भाजीचा पहिला तोडा बाजाराला निघण्याआधी मळेवाल्यांच्या बायका तिची ओटी भरत. वेशीबाहेरच्या वाडीवरची माणसे ऊसतोडीला जाताना तिच्यापुढे नारळ फोडत.

मी फिर्याद घ्यायला गेलो तेव्हा गावाने चोर आधीच ठरवला होता. मळ्यातल्या एका वयस्कर बाईने सांगितले, "म्या सोता पाह्यलं साहेब. आदल्या सांजीले वाडीवरचा तो एकटाच तिथं बसला व्हता." गावाला एवढे पुरले. देव गेला की गावाला कोणीतरी माणूस लागतो, आणि तो शक्यतो वेशीबाहेरचाच लागतो.

त्याला चौकशीसाठी ठाण्यात बोलावले. चाळिशीचा, राकट, कमी बोलणारा. "नारळ फोडाले गेलो व्हतो," एवढेच सांगायचा. हवालदाराने दरडावले, "एकटाच काहून गेला?" तर म्हणे, "बायको बिमार व्हती." खोटे बोलणारा दर वेळी आपली गोष्ट थोडी सुधारून घेतो. याचे उत्तर बदलले नाही. मला तो चोर वाटत नव्हता, पण मोकळा सोडला तर गाव खवळेल म्हणून मी त्याला रोज ठाण्यात हजेरी द्यायला लावली. ऊसतोडीची टोळी त्याला मागे ठेवून निघून गेली. इकडे गावाने वाडीचे पाणी बंद केले.

त्याची बायको ठाण्याच्या पायरीवर बसून असायची. एकदा ती मला म्हणाली, "साहेब, तुमी तं सोडसान. पन गावाच्या तोंडातून चोर कोन काढीन?"  

खबर आली शेलूबाजारच्या बाजूने. हायवेवरच्या एका नव्या ढाब्याच्या बागेत कोरीव दगड उभा केला आहे, असे आमच्या खबऱ्याने कळवले. जाऊन पाहिले तर घासून लख्ख केलेली शिळा. खाली गाईंची रांग आणि तलवार उगारलेला माणूस. त्याच्या वर अप्सरा त्यालाच उचलून नेत आहेत. त्याहून वर तो महादेवापुढे हात जोडून बसला आहे, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. गाई वाचवताना मेलेल्या कोणाचा तरी तो वीरगळ होता. चंद्र-सूर्य असेतो कीर्ती राहावी म्हणून ते कोरतात. त्या माणसाचे नाव मात्र कुठेच नव्हते.

ढाबेवाल्याने एका जीपवाल्याकडे बोट दाखवले. जीपवाला म्हणाला, दगड दुसऱ्या तालुक्यातल्या पडीक रानातून आणला. गावकऱ्यांना ओळख पटवायला बोलावले, तर त्याच वयस्कर बाईने हात झटकले. "हे आमची देवी नोहे साहेब. हा तं बाप्या हाय." बाकीच्यांनीही माना डोलावल्या. मुद्देमाल समोर होता आणि ओळखणारा कोणी नव्हता. वाडीवरचा माणूस जिथल्या तिथेच राहिला.

पंचांना घेऊन जीपवाल्याच्या घराची झडती घेतली. फारशी आशा नव्हती. देवघरात टाकांशेजारी लाल फडक्याचे गाठोडे होते. सोडले तर आत शेंदराचे जाड पोपडे. हवालदाराने एक पोपडा उलटा केला. आतल्या बाजूला गाईंच्या पाठी खोलगट उमटल्या होत्या. दुसऱ्यावर अर्धा चंद्र. ठाण्यात नेऊन ते शिळेवर ठेवले, तर डब्यावर झाकण बसावे तसे बसले.

"हे फेकून का नाही दिलेस?" मी विचारले.

जीपवाला माझ्याकडे पाहतच राहिला. "देवीचा शेंदूर साहेब. उकिरड्यावर कसा टाकू?"

"आणि देवी विकलीस ती?"

"देवी कुठं इकली? आत तं मानूस निंघाला. देवी शेंदरात व्हती. तिले म्या घरी पुजून राह्यलो."

चोरांचे युक्तिवाद मी पुष्कळ ऐकले. याचा मात्र मला अजून खोडता आलेला नाही.

वाडीवरच्याची हजेरी सुटली आणि न्यायालयाच्या आदेशाने शिळा गावाला परत मिळाली. ती पुन्हा उभी करायच्या दिवशी मी बंदोबस्ताला होतो. वाडीवरचा तो लांब बांधावर उभा होता. सरपंचांनी हाक मारली, "ये ना बाप्पा, हात लाव." तो जागचा हलला नाही. म्हणाला, "परवापर्यंत हा हात चोराचा व्हता. आज कसा चालते?"

मग ती मळ्यातली वयस्कर बाई लोकांतून वाट काढत त्याच्यापर्यंत गेली. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तुयं नाव म्याच घेतलं व्हतं. चुकलं मायं. तू चोर नोहे."

तो बांधावरून आला आणि त्याने शिळेला खांदा दिला.

तपास पूर्ण झाला की निर्दोष माणूस सुटतो, असे मी समजत होतो. आम्ही त्याला फक्त ठाण्यातून सोडू शकतो. ज्याने नाव घेतले, त्यालाच ते परत घ्यावे लागते. चौकशीच्या खोलीत मी अनेक कबुल्या मिळवल्या. कोणी न विचारता, भर गावात दिलेली कबुली मी ती एकच ऐकली.