आधी समोरच्याचं नाव

माझ्या मावशीच्या पायाला भिंगरी आहे. हे मी म्हणत नाही, कोर्टातला शिपाईसुद्धा पाठीमागे तिला भिंगरीच म्हणतो. खुर्चीत ती टेकते ती चप्पल घालायला आणि काढायला. सहा वर्षांपूर्वी तिनं स्वतःची वकिली जवळजवळ बंद केली आणि एक नवा उद्योग मागे लावून घेतला. नुकतीच सनद मिळालेली पोरं-पोरी हेरायची आणि जिकडे वकील फिरकत नाहीत अशा वस्तीत त्यांना स्वतःच्या पायावर उभं करायचं.

वर्षभर ती त्यांना आपल्या दोन खोल्यांत राबवते. मग त्यांच्यासाठी जागा शोधते. जागा तळमजल्यावरचीच हवी, कारण जिना बघून गुडघेदुखीच्या बायका परत फिरतात. पाटी साधी, हातानं रंगवलेली. चकचकीत पाटी पाहिली की माणसं दबतात आणि बाहेरूनच निघून जातात. असे सात जण तिनं मार्गी लावले. आठवी मी. सनद मिळून दीड वर्ष झालं, तरी मी तिच्याच खोलीत कोपरा धरून होते. मला भीती वाटायची, उगाच कशाला लपवू?

तिचा एक नियम होता. माणूस आला की आधी त्याचं नाव, मग समोरच्याचं नाव, मग वहीत दोन्ही नावं शोधायची आणि त्यानंतरच गाऱ्हाणं ऐकायचं. अशा वस्तीत वकील एखादाच, त्यामुळे भांडणारे दोघंही त्याच्याच दारात येतात. एकाचं ऐकलं की त्याच्याविरुद्ध उभं राहता येत नाही. आणि तिनं ऐकलं तर मलाही बंदी, कारण आम्ही एका छपराखाली बसायचो. मी हा नियम दोनदा विसरले होते. दोन्ही वेळा तिनं मला सगळ्यांदेखत झापलं होतं.

त्या गुरुवारी सकाळी शिवणकाम करणाऱ्या एक बाई आल्या. घरमालकानं घर खाली करायला सांगितलं होतं, प्रकरण कोर्टात गेलं होतं आणि दुसऱ्या दिवशी अकराला तारीख होती. घरात शिलाई मशीन आणि अंथरुणाला खिळलेली आई. मी नियमाप्रमाणे दोन्ही नावं विचारली, वही पाहिली. मालकाचं नाव कुठंच नव्हतं. मी त्यांचं सगळं ऐकलं आणि ‘काळजी करू नका’ म्हणून मोकळी झाले.

तेवढ्यात मावशी कुठूनशी उगवली. माझ्या खांद्यावरून तिनं मालकाची नोटीस वाचली आणि बसली. चपलेला हातही न लावता बसली.

“हे घेऊ नकोस,” ती म्हणाली.

“का?”

“विचारू नकोस.”

विचारायची गरजच नव्हती. महिन्यापूर्वी बाहेरच्या बाकावर काठीवाले एक आजोबा ताटकळत बसले होते. मावशीला दुसऱ्याचं ताटकळणंही सोसत नाही. ती अर्धा तास त्यांच्यापुढे उभी राहून हातवारे करत काहीतरी समजावत होती. आजोबा आत न येताच खूश होऊन गेले. तेच हे घरमालक. वहीत नाव येणार कुठून?

माझं डोकंच फिरलं. तिला आतल्या खोलीत ओढत नेलं. “तू? याच गोष्टीवरून मला दोनदा झापलंस ना?”

“मला नंतर झाप. आधी त्यांना वकील बघू.”

बाहेर आलो तर त्या बाई उभ्याच होत्या. “म्हणजे ताई, उद्या माझ्याबरोबर कोणीच नाही?”

मला फार लाज वाटली.

मावशीनं सातही जणांना फोन लावायला घेतले. सहा जण अडकलेले. उरली चष्मेवाली, तिची पहिली शिष्या. तिनं स्वतःचं ऑफिस थाटलं तेव्हा मावशी महिनाभर रोज जाऊन तिचं टेबल हलवायची, तिच्या पक्षकारांना तिच्याआधी उत्तरं द्यायची. शेवटी चष्मेवालीनं सांगितलं, “उद्यापासून येऊ नका.” त्याला पाच वर्षं झाली, बोलणं नाही. मावशीनं फोन खाली ठेवला आणि आम्हाला घेऊन निघाली.

लाँड्री आणि सायकल दुरुस्तीचं दुकान यांच्या मधे चष्मेवालीची खोली. वाटेत मावशी पुढे, आम्ही दोघी मागे जवळजवळ धावत. तिनं चारदा काहीतरी सांगायला तोंड उघडलं आणि चारदा मिटलं.

चष्मेवालीनं मान वर केली. आम्हाला ‘या’ही म्हणाली नाही. त्या बाईंना म्हणाली, “बसा. तुमचं नाव? आणि समोरच्याचं?” वहीत बोट फिरवून झाल्यावर तिनं मावशीकडे पाहिलं. “तुम्ही का नाही घेतलंत?”

“मला घेता येत नाही. चूक माझीच.”

चष्मेवालीनं वही मिटली. “मग मॅडम, तुम्ही बाहेर थांबा. हिलाही न्या. दार ओढून घ्या.”

आता भडका उडणार, असं मला वाटलं. मावशी गुपचूप बाहेर आली. लाँड्रीच्या बाकावर बसली. दाराच्या फटीतून त्या बाईंचा आवाज येऊ लागला, तशी उठली. “ऐकू येतंय,” म्हणाली आणि सायकलवाल्यापलीकडे जाऊन उभी राहिली. तासभर एकाच जागी. मला तिची दया आली, आणि खरं सांगायचं तर अभिमानही वाटला.

दार उघडलं. बाईंनी वकीलपत्रावर सही केली होती. दुसऱ्या दिवशी त्यांना तीन महिन्यांची मुदत मिळाली, हेही सांगून टाकते, उगाच टांगून कशाला ठेवू? चष्मेवाली उंबऱ्यात आली. “मॅडम, सोमवारी माझ्याकडे एक नवी मुलगी शिकायला येतेय. हा नियम कसा मोडतो, ते तिला तुम्हीच येऊन सांगा.”

मावशीनं होकारार्थी मान डोलावली.

परतताना ती पहिल्यांदाच माझ्या बरोबरीनं चालत होती. मी म्हटलं, “माझी स्वतःची खोली असती, तर त्या बाईंना परत पाठवावं लागलं नसतं.”

“नसतं.”

“उद्यापासून जागा बघते. मी एकटी बघणार आहे, मावशी.”

तिचं तोंड उघडलं. रस्ते, भाडी, ओळखीचे दलाल, सगळं तिच्या ओठांवर आलेलं मला दिसत होतं. तिनं ते गिळलं.

“तळमजला?” एवढंच विचारलं.

“तळमजला,” मी म्हटलं.