ब्रेकची वायर

मळवलीत आम्ही तीन बंगले सांभाळतो. सांभाळतो म्हणजे मालक मुंबई-पुण्याला आणि किल्ल्या आमच्या खिळ्याला. शनिवारी पाहुणे आले की स्वयंपाक, झाडलोट माझ्याकडे. नळ, टाक्या, दिवे, छत हे सगळं माझ्या नवऱ्याकडे. तो सायकलवर निघायचा, मी मागून पायी जायचे. तो मोरीखाली आडवा होऊन पाइप जोडायचा आणि मी बॅटरी धरून उभी राहायचे. "जरा डावीकडं," तो म्हणायचा, मी उजेड डावीकडे न्यायचे. बावीस वर्षं मी असा उजेड दाखवला. त्या उजेडात तो काय करतो हे मी कधी नीट बघितलं नाही, हेही खरं.

दोन वर्षांपूर्वी पावसाळ्याआधी त्याला झटका आला. जीव वाचला, बोलणंही हळूहळू ताळ्यावर आलं, पण उजव्या हाताची मूठ काही वळेना. पाना धरला की निसटायचा. पाऊस तोंडावर आलेला, आणि आमच्याकडे पाऊस म्हणजे चार महिने घरं गळण्याचा काळ. बंगल्यांची कामं सुटतील म्हणून मी रडकुंडीला आले होते. तेव्हा माझी धाकटी जाऊ म्हणाली, "भाऊ, मला शिकवा. मी करते."

ती टाकव्याची. लग्नाआधी हायस्कूलला रोज सायकलनं जायची. दीर तळेगावच्या कंपनीत पाळीवर असतो, त्यामुळे दिवसभर घरी ती एकटीच. आमची दारं शेजारी शेजारी, ओसरी एकच. तिचं वय माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी कमी. मी तिला हाताला धरून घरात आणलं होतं, भाकरी थापायलाही मीच शिकवलं होतं.

दुसऱ्याच दिवशी ओसरीवर शाळा भरली. नवरा खाटेवर, ती खाली पोत्यावर, मध्ये एक जुना नळ. "पहिलं काय करायचं?" तो विचारायचा. "मागचा कॉक बंद." "मग?" "नळ उघडून आतलं पाणी सोडायचं. मग डोकं उघडायचं." "आन् वायसर?" "बोटानं दाबून बघायचा. कडक झाला आसंल तर बदलायचा. नळ जोरात पिळून गळती थांबवायची न्हाई, त्यानं आटे जातात." तो हसला. आजारपणानंतर पहिल्यांदा त्याचं तोंड दोन्ही बाजूंनी हसलं. मी चुलीपाशी बसून ते बघितलं.

रात्री जेवताना मी म्हटलं, "बावीस वर्षांत मला कदी न्हाई शिकवलंत."

"तू कदी इचारलंस?" तो म्हणाला.

टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नाही. खरंच विचारलं होतं त्यानं. त्याचंच मला जास्त लागलं.

महिनाभरात ती तयार झाली. त्याच्याच सायकलची सीट खाली केली, पिशवी कॅरिअरला बांधली आणि गावभर फिरू लागली. सकाळी निघण्याआधी ती चाकं अंगठ्यानं दाबून बघायची, दोन्ही ब्रेक ओढायची, चेन कोरड्या फडक्यानं पुसायची. आधी पुसायचं आणि मग एकेका कडीवर तेलाचा थेंब, नाहीतर तेलावर चिखल बसतो आणि चेन करकरते, हे ती मला सांगायची. मला, जिला सायकलवर बसतासुद्धा येत नाही! पावसात चाकाची कड ओली असली की ब्रेक उशिरा लागतो, म्हणून उतार सुरू व्हायच्या आधीच हलकासा दाबून पाणी झटकून टाकायचं. तेही मला ऐकवायची. तिच्या मनात काही नव्हतं, शिकलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं एवढंच. पण मला वाटायचं, ही मला दाखवते आहे.

लोक तिला बोलावू लागले. कुणाची फ्लशची टाकी वाहतेय, कुणाच्या घरात वीज सारखी जातेय. ती सगळी बटणं बंद करायला लावायची, मग एकेक चालू करायची. ज्या बटणाला एमसीबी पडून वीज गेली तिथं खोट. एकदा कौलांच्या बंगल्यात, जिथं हॉलवर तेवढी गच्ची आहे, पावसाचं पाणी हॉलमध्ये उतरलं. मालकांना वाटलं स्लॅबला चीर गेली, डांबर ओतायची तयारी. ही गच्चीवर गेली, पाणी जायच्या भोकातून मूठभर पानं आणि एक मेलेला खेकडा काढला, आणि गळती थांबली. त्या बंगल्याच्या बाईंनी फोनवर माझ्याकडे तिचं इतकं कौतुक केलं की शेवटी मी "रेंज न्हाई" म्हणून फोन ठेवून दिला.

मी काय काय केलं ते आता लिहिते. तिला कान तुटलेल्या कपात चहा द्यायला लागले. तिची पक्कड एकदा तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवली आणि ती सगळं घर उलथंपालथं करत असताना भाजी निवडत बसले. ती ओसरीवर आली की माझं काहीतरी पडायचं, आदळायचं. नवरा तिच्याशी बोलत असला की मी मध्येच जाऊन त्याची औषधाची वेळ झाल्याचं सांगायचे. त्याच्या-तिच्यात वावगं काही आहे असं माझ्या स्वप्नातही आलं नाही. दोघं एकमेकांशी फक्त पाने, पाइपाचे एल्बो आणि टेफ्लॉन टेपविषयी बोलायची. पण त्याच्याजवळ इतकं सांगण्यासारखं होतं आणि ते माझ्या वाट्याला आलंच नव्हतं, हे मला सहन होईना.

मग ती श्रावणातली सकाळ. टेकडीवरच्या बंगल्यात मालकीणबाई आदल्या रात्रीच येऊन राहिल्या होत्या. त्यांचा फोन आला, की टाकी भरून वाहतेय, भिंतीवरून पाणी चाललंय, आणि दुपारी पाहुणे येणार. मी म्हटलं, "मी लगेच येते, पंप बंद करते." मालकीणबाई म्हणाल्या, "तुम्ही नको हो, तुम्हाला त्यातलं काही कळत नाही. त्या दुसऱ्या आहेत ना, त्यांनाच पाठवा."

मी फोन ठेवला. नवरा तेव्हा ओसरीवर उजव्या हाताची कसरत म्हणून सायकलचा ब्रेक दाबून बघत होता. म्हणाला, "मागच्या ब्रेकची वायर पार तुटत आलीय. दोन तारांवर हाय. तिला म्हणावं, आज सायकल नेऊ नकोस, पायी जा." एवढं बोलून तो काठी टेकत परसात गेला.

जाऊ केस बांधतच बाहेर आली. मी तिला टाकीचं सांगितलं. तिनं पिशवी बांधली, चाकं दाबली. त्या दिवशी घाईत ब्रेक ओढून बघायचे राहिले. ते राहिले हे मी बघितलं. ती स्टँड काढेपर्यंत, फाटकाकडे वळेपर्यंत मला वेळ होता. तोंड उघडायला कितीसा वेळ लागतो? मी उभी होते, आणि कानात ते "त्यांनाच पाठवा" घुमत होतं. ती पडावी असं माझ्या मनात होतं का? नव्हतं. ती फजीत व्हावी, अर्ध्या वाटेत वायर तुटून सायकल ढकलत घरी यावी, एवढं होतं. इतकंच मी स्वतःला सांगू शकते.

चढताना ब्रेक दाबावा लागत नाही. ती वर सुखरूप पोचली. टाकीतला बॉल फुटून त्यात पाणी भरलं होतं, त्यामुळे तो वर तरंगतच नव्हता आणि पाणी बंद होत नव्हतं. तिनं कॉक बंद करून वाहणं थांबवलं आणि नवा बॉल आणायला खाली निघाली. वळणावर मागचा ब्रेक तुटला. पुढचा जोरात दाबला, चाक घसरलं. दुधाच्या टेम्पोवाल्यानं तिला उचलून आणलं तेव्हा हनुवटीतून रक्त येत होतं आणि डावं मनगट भलतीकडे वळलं होतं.

लोणावळ्याला नेऊन प्लास्टर घालून, टाके घालून आणलं. संध्याकाळी ती ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती. नवऱ्यानं तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू तिला वायरचं सांगितलं हुतंस ना?"

"व्हय," मी म्हणाले. "सांगितलं की."

जावेनं मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मग ती त्याच्याकडे वळून म्हणाली, "सांगितलं हुतं भाऊ. म्याच घाईत ऐकलं न्हाई."

तो तिच्यावर चिडला. "इतक्यांदा सांगून!" म्हणून बराच वेळ बोलत राहिला आणि ती मान खाली घालून ऐकत राहिली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, त्या वेळीसुद्धा माझा जीव जळला. आता हिनं चांगुलपणातही माझ्यावर मात केली, असं माझ्या मनात आलं.

बंगल्याचं काम तसंच अडलेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानातून नवा बॉल घेऊन मीच निघाले. ती म्हणाली, "मी येते अक्का, बसून सांगते." आम्ही दोघी पायी टेकडी चढलो. ती मध्ये मध्ये थांबत होती, मीही थांबत होते. गच्चीवर ती उलट्या बादलीवर बसली आणि मी टाकीत वाकले.

"फुटका बॉल डाव्या बाजूला फिरवा. निघंल. आता नवा लावा, पन दांडी वाकडी करू नका."

दोनदा बॉल पाण्यात पडला. तिसऱ्यांदा आटे बसले. मी कॉक उघडला, पाणी चढू लागलं, बॉल त्याच्याबरोबर वर आला आणि धार हळूहळू बारीक होऊन थांबली. मला इतका आनंद झाला की त्याची लाजच वाटली.

टाकीकडे बघतच मी विचारलं, "खोटं का बोललीस?"

ती म्हणाली, "भाऊ तुमच्या आधारानं आंघोळ करत्यात, जेवत्यात. तुमच्यावर त्यांनी राग धरला तर ते कुणाच्या खांद्यावर हात ठेवून उठतील? म्हनून बोलले. तुमच्यासाठी न्हाई."

"तुला माज्यावर राग हाय."

"लय हाय," ती म्हणाली. "मनगट दुखतंय तवर ऱ्हाईल. कदाचित फुडंबी ऱ्हाईल. माजी पक्कड तांदळात तुमीच घातली हुती न्हवं?"

"व्हय."

"मला त्याच आठवड्यात कळलं हुतं. तुमी तांदूळ निवडायला घेतलं न्हाईत, चार दिवस भाकरीच केल्या."

मला हसू आलं आणि रडूही. ती हसली नाही. माफ केलं असंही ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितली नाही. मागायला हवी होती. ती मी घरी पोचल्यावर, तिच्या दारात उभी राहून मागितली. ती "बरं" म्हणाली आणि दार लोटून घेतलं.

नवऱ्याला मी आठ दिवसांनी सांगितलं. त्याला अंघोळ घालताना, त्याची पाठ माझ्याकडे असताना सांगितलं, कारण तोंडाकडे बघून जमलं नसतं. दोन दिवस तो माझ्याशी फक्त हो-नाही बोलला. उठताना मात्र माझा खांदाच धरावा लागत होता, आणि तो धरताना त्याला किती जड जातंय ते मला कळत होतं. तिसऱ्या दिवशी त्यानं जावेला हाक मारली आणि तिच्यासमोर म्हणाला, "पोरी, तुला नाय नाय ते बोललो. चुकलं." आणि मला म्हणाला, "पोतं आंथर. बस."

मी बसले. सुरुवात स्विचबोर्डापासून झाली. आधी मेन बंद. मग टेस्टर लावून खात्री, आणि तीही एकदा नाही, दोनदा. ओल्या हातानं आणि ओल्या जमिनीवर काम नाही, पायात चप्पल हवीच. मी प्रश्न विचारायला लागले. काही प्रश्न मूर्खपणाचे होते. त्यानं सगळ्यांची उत्तरं दिली. जाऊ प्लास्टरचा हात मांडीवर ठेवून ऐकत होती आणि मी चुकले की आधी तीच "अंहं" करायची.

आता दीड वर्ष झालं. तिचं मनगट थंडीत दुखतं. दिरानं तिला नवी सायकल घेऊन दिली आहे. टेकडीवरचा आणि कौलांचा बंगला तिच्याकडे, रेल्वेजवळचा माझ्याकडे, कारण तिथं पायी जाता येतं. आम्ही एका ताटात जेवतो असं नाही, पण भाजी इकडून तिकडे जाते. गेल्या आठवड्यात माझ्या बंगल्यातला गीझर बंद पडला. मी सकाळभर खटपट केली, तो चालू केला, आणि मालकांना फोन करून सांगितलं. ते म्हणाले, "वा! एकदा तुमच्या जाऊबाईंनाही दाखवून घ्या हं, खात्रीला."

मी "हो" म्हटलं. घरी येऊन जावेला सांगितलं, आणि मला अजून किती वाईट वाटतं तेही सांगितलं. ती कणीक मळत होती. "वाटू द्या," ती म्हणाली. "भाऊ तुमाला शिकवायला बसले की मलाबी वाईट वाटतं." मी तिच्या तोंडाकडे बघितलं, थट्टा करते आहे का ते कळेना. मग ती हात धुऊन उठली, आणि आम्ही दोघी गीझर बघायला निघालो.